बागेतील फुले जवळून टिपताना : मराठवाड्यातील नवोदित छायाचित्रकारांसाठी

फुलांचे जवळून छायाचित्रण करू लागलेल्या बहुतेकांची तक्रार एकच असते. समोर टवटवीत दिसणारे फूल छायाचित्रात अर्धे पुसट, रंगाने विटलेले आणि मागच्या काटक्या, विटा, नळीच्या वेटोळ्यांत हरवलेले दिसते. त्यावर इलाज म्हणून नवा कॅमेरा किंवा महागडी लेन्स घेण्याकडे मन ओढ घेते; परंतु दोष बहुधा उपकरणात नसतो, तर फूल निवडण्यापासून बटण दाबेपर्यंतच्या क्रमात असतो. तो क्रम येथे मराठवाड्यातील ऊन, वारा, धूळ आणि आपल्या परसात सहज मिळणारी फुले लक्षात घेऊन सांगितला आहे. हातात मोबाइल असो वा कॅमेरा, क्रमात फारसा फरक पडत नाही.

ऋतू आणि वेळ

मराठवाड्यात या कामाचा खरा हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा आहे. या महिन्यांत सकाळी वारा बहुधा पडलेला असतो, ऊन तिरपे आणि कोवळे असते, अनेकदा पानांवर दव असते आणि शेवंती, गुलाब, डेलिया, ॲस्टर, पिटुनिया यांचे वाफेही याच काळात भरलेले असतात. डिसेंबर-जानेवारीत सूर्य सातच्या आसपास उगवतो. त्यानंतरचे पहिले दोन तास सर्वांत उपयोगाचे. उन्हाळ्यात मात्र हा अवधी फार आखडतो. मे महिन्याच्या मध्यास आपल्या भागात दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर येतो, त्यामुळे वरच्या पाकळ्या पांढऱ्याफटक आणि फुलाचा आतला भाग काळाकुट्ट उमटतो. एप्रिल-मेमध्ये मोगरा, बहावा किंवा गुलमोहर टिपायचा असेल, तर सकाळी आठच्या आत काम आटोपावे. पावसाळ्यातील मळभाचा प्रकाश फुलांसाठी उत्तम असतो. अडचण वाऱ्याची असते. आषाढातील वारा देठ क्षणभर स्थिर राहू देत नाही, म्हणून जून-जुलैपेक्षा श्रावण-भाद्रपदातील उघडीप अधिक सोयीची ठरते.

ऋतूइतकेच महत्त्व फुलाच्या स्वतःच्या वेळेला आहे. साधी लाल जास्वंद बहुधा एकच दिवस टिकते आणि सकाळी पूर्ण उमलल्यावरच तिच्या पाकळ्या ताठ असतात. पारिजातक रात्री फुलतो आणि पहाटे गळू लागतो. फांदीवरचे फूल हवे असेल, तर उजाडण्यापूर्वी तेथे पोहोचावे लागते. गुलबाक्षी उन्हे कलल्यावर उमलते, तर चिनी गुलाबाला ऊन चढल्याशिवाय जाग येत नाही आणि दुपारनंतर तो मिटू लागतो. घराच्या बागेतील प्रत्येक झाड कोणत्या वेळी उमलते याची एक लहानशी टिपणवही ठेवल्यास महिनाभरात ती कोणत्याही पुस्तकापेक्षा अधिक कामाची होते. सार्वजनिक बागेत हीच माहिती माळ्याकडे असते. त्याला विचारल्यास पाणी देण्याची वेळ, फवारणीचा दिवस आणि कोणत्या वाफ्यात उद्या काय उमलणार, हे सारे कळते.

फूल निवडणे

नवोदित छायाचित्रकार वाफ्यातील सर्वांत मोठे फूल निवडतो. निवडायला हवे ते सर्वांत निर्दोष फूल. एरवी नजरेस न येणारी गोष्ट जवळून टिपताना ठळक होते: पाकळीच्या कडेवरचा तपकिरी डाग, अळीने कुरतडलेला कोपरा, मावा, कोळ्याचा धागा, फवारणीनंतर राहिलेले पांढरे ठिपके. म्हणून कॅमेरा बाहेर काढण्यापूर्वी वाफ्याभोवती एक फेरी मारावी, पाच-सहा फुले हेरावीत आणि त्यांपैकी ज्याच्या मागे मोकळी जागा आहे तेच घ्यावे. पूर्ण उमललेल्या फुलापेक्षा अर्धे उमललेले फूल अनेकदा अधिक बोलके ठरते, विशेषतः गुलाब आणि शेवंतीत.

धूळ ही आपल्या भागातील कायमची अडचण आहे. काळ्या मातीची बारीक धूळ हिवाळा संपता संपता पानापानावर बसते आणि गडद हिरव्या पानावर तर ती राखेसारखी दिसते. आदल्या संध्याकाळी झाडावर झारीने हलके पाणी घालावे आणि रात्रभर निथळू द्यावे. येथे एक सावधगिरी हवी: बोअरचे जड पाणी वाळल्यावर पाकळ्यांवर आणि पानांवर क्षारांचे पांढरट डाग सोडते, म्हणून फुलावर शिंपडण्यासाठी गाळणी यंत्रातील किंवा साठवलेले पावसाचे पाणी वापरावे. सकाळी बारीक फवाऱ्याच्या बाटलीने पाण्याचे थेंब तयार करण्याची युक्ती सर्वांना ठाऊक असते. ती कधीमधी वापरायला हरकत नाही. मात्र दुपारच्या टळटळीत उन्हात दवबिंदूंनी भरलेला गुलाब खोटा दिसतो आणि पाहणाऱ्याला तो लगेच कळतो.

आधी मागचे पाहावे, मग फूल

छायाचित्र बिघडवणाऱ्या गोष्टींपैकी निम्म्याहून अधिक फुलाच्या मागे असतात. माणसाची नजर फुलावर खिळल्यावर मागची पांढरी भिंत, प्लास्टिकची कुंडी, वाळत घातलेले कपडे यांची दखल घेत नाही. कॅमेरा मात्र सारे टिपतो. यासाठी एक सवय लावून घ्यावी: पडद्यावर फूल आले की क्षणभर फुलाकडे दुर्लक्ष करावे आणि चौकटीच्या चारही कडांवरून व कोपऱ्यांवरून नजर फिरवावी. तेथे उजळ ठिपका किंवा आडवी काटकी दिसली, तर कॅमेरा चार बोटे डावी-उजवीकडे किंवा खाली-वर सरकवताच ती बहुतेक वेळा चौकटीबाहेर जाते. जवळच्या अंतरावर एवढ्याशा सरकण्यानेही पार्श्वभूमी पूर्णपणे बदलते. ही सोय दूरच्या दृश्यात मिळत नाही आणि तिचा पुरेपूर उपयोग करून घ्यावा.

पार्श्वभूमी किती विरघळेल हे मुख्यतः दोन अंतरांवर ठरते: कॅमेरा ते फूल आणि फूल ते पार्श्वभूमी. पहिले जितके कमी आणि दुसरे जितके जास्त, तितकी पार्श्वभूमी मऊ. म्हणून भिंतीला टेकून ठेवलेल्या कुंडीतील फूल कितीही सुंदर असले, तरी आधी कुंडी भिंतीपासून दीड-दोन मीटर पुढे ओढावी. जमिनीत लावलेले झाड हलवता येत नाही. तेथे आपण खाली बसून फुलाच्या पातळीवर यावे, म्हणजे मागे जवळची माती न येता दूरची हिरवळ येते. उभ्याने, वरून खाली पाहत घेतलेल्या चित्रात पार्श्वभूमी म्हणून नेहमी वाफ्याची माती आणि पालापाचोळाच येतो. गुडघे मळणार हे गृहीत धरूनच घराबाहेर पडावे. वाळलेली पाने, पडलेल्या काड्या उचलून बाजूला ठेवणे योग्यच आहे. परंतु आड येणारी हिरवी फांदी तोडू नये, ती सुतळीने हलकेच मागे ओढून बांधावी आणि काम झाल्यावर सोडावी.

स्पष्टतेची जाडी : सर्वांत अवघड आणि सर्वांत महत्त्वाचा भाग

आपण फुलाच्या जितके जवळ जातो, तितका स्पष्ट दिसणारा पट्टा पातळ होत जातो. छायाचित्रकार याला डेप्थ ऑफ फील्ड म्हणतात. ३६ × २४ मिलिमीटरच्या सेन्सरवर (कॅमेऱ्यातील चित्र टिपणाऱ्या पटलावर), ॲपर्चर म्हणजे लेन्समधील प्रकाशाचे छिद्र एफ/८ ठेवून (एफचा आकडा जितका मोठा, तितके छिद्र लहान), फूल प्रत्यक्षाच्या चौथ्या हिश्श्याएवढे उमटवले, तर स्पष्ट पट्टा सुमारे १ सेंटिमीटरचा असतो. निम्म्या आकारात उमटवले, तर तो ३ मिलिमीटरच्या आसपास येतो. आणि मॅक्रो लेन्सने, म्हणजे अगदी जवळून टिपण्यासाठीच्या लेन्सने, फूल सेन्सरवर त्याच्या खऱ्या आकारात उमटवले, तर जेमतेम १ मिलिमीटर उरतो. एफ/१६ वर ही जाडी दुप्पट होते, परंतु ॲपर्चर फार लहान केल्यास प्रकाशाच्या विवर्तनामुळे, म्हणजे लहान छिद्रातून जाताना तो पसरल्यामुळे, सगळेच चित्र थोडे मऊ पडते. शिवाय खऱ्या आकारात टिपताना लेन्सवर लिहिलेला एफ/१६ हा परिणामाच्या दृष्टीने एफ/३२ सारखा वागतो. त्यामुळे एफ/८ ते एफ/११ या टप्प्यात राहावे आणि बाकीचे काम कोनाकडून करून घ्यावे.

कोनाचे काम कसे चालते, हे जास्वंदीच्या फुलावर उत्तम समजते. जास्वंदीच्या मध्यातून एक लांब नळी बाहेर येते. तिच्या वरच्या भागावर पिवळे परागकोश लगडलेले असतात आणि टोकाला पाच लहान, मखमली, लाल गोळे असतात. हे स्त्रीकेसराचे अग्र. आता फुलाच्या अगदी समोर उभे राहून चित्र घेतले, तर ही नळी थेट लेन्सकडे रोखलेली असते. तिचे टोक आणि पाकळ्यांचा गाभा यांच्यातील अंतर काही सेंटिमीटर असते आणि आपल्या हाती तर मिलिमीटरांचा हिशोब आहे. टोकावर फोकस केला, तर पाकळ्या लाल धुक्यासारख्या दिसतात; गाभ्यावर केला, तर टोकाचे गोळे पुसट डागांसारखे पुढे तरंगतात. तेच फूल बाजूने पाहिले, तर संपूर्ण नळी सेन्सरला समांतर येते, आणि बुंध्यापासून पाचही गोळ्यांपर्यंत, मधल्या प्रत्येक परागकोशासह, सारे एकाच पातळ पट्ट्यात बसते. ॲपर्चर, लेन्स, प्रकाश यांपैकी काहीही न बदलता केवळ आपण पाव वळसा घातल्याने हा फरक पडतो.

यातून नियम निघतो तो असा: फुलातील जे दाखवायचे आहे ते कॅमेऱ्याच्या पाठीला समांतर आणावे. चपटी सदाफुली, ॲस्टर किंवा गलांडा असेल, तर फुलाच्या पृष्ठभागासमोर कॅमेरा सरळ धरावा. फूल आकाशाकडे तोंड करून असेल, तर वरून. तगरीचे किंवा चाफ्याचे फूल तिरके असेल, तर कॅमेराही त्याच तिरपाईने कलवावा. आणि जेथे सर्व काही एका प्रतलात आणणे अशक्यच आहे, तेथे काय सोडून द्यायचे हे आधी ठरवावे. कृष्णकमळ हे त्याचे नामी उदाहरण. आपल्याकडे त्याच्या बाहेरच्या तंतूंना शंभर कौरव आणि वरच्या पाच पुंकेसरांना पाच पांडव म्हणतात. त्यांच्याही वर स्त्रीकेसराची तीन टोके असतात. हे तीन मजले एका वेळी स्पष्ट येत नाहीत. पांडवांवर फोकस ठेवला, तर कौरवांचे वलय मागे जांभळ्या झालरीसारखे विरघळते, आणि ते चांगलेच दिसते. सगळेच स्पष्ट हवे असा हट्ट असेल, तर फोकस थोडा थोडा पुढे सरकवत अनेक चित्रे घेऊन ती संगणकावर एकत्र जोडण्याची पद्धत आहे. तिला फोकस स्टॅकिंग म्हणतात. ती पद्धत वारा पडलेला असेल तरच जमते आणि पहिल्या वर्षात तिच्या मागे लागण्याचे कारण नाही.

फोकस आणि हात

एवढ्या जवळच्या अंतरावर आपोआप होणारा फोकस अनेकदा चुकतो, पुढे-मागे धावत राहतो किंवा नेमका नको त्या पाकळीवर बसतो. कॅमेऱ्यात हाताने फोकस करण्याची सोय निवडावी, लाइव्ह व्ह्यूमध्ये, म्हणजे मागच्या पडद्यावर, चित्र मोठे करून पाहावे आणि फोकसची कडी अंदाजे लावून झाल्यावर शरीरच किंचित पुढे-मागे झुलवत, परागकोश लखलखीत दिसताच बटण दाबावे. मोबाइलवर हव्या त्या ठिकाणी बोट काही क्षण दाबून धरल्यास फोकस आणि प्रकाश बहुतेक फोनांत कुलूपबंद होतात. मग फोन पुढे-मागे करून हीच क्रिया करता येते.

हात स्थिर ठेवण्यासाठी कोपरे बरगड्यांना टेकवावीत, बसल्यास गुडघ्यांवर टेकवावीत. जमिनीलगतच्या फुलांसाठी ट्रायपॉडपेक्षा ज्वारी भरलेली वीतभर कापडी पिशवी अधिक उपयोगी पडते: ती जमिनीवर ठेवून तिच्यात कॅमेरा किंवा फोन रुतवावा आणि हवा तो कोन द्यावा. ट्रायपॉड वापरताना लेन्समधील कंपनरोधक सोय शक्यतो बंद ठेवावी आणि २ सेकंदांचा टायमर लावावा, म्हणजे बटण दाबण्याचा धक्का चित्रात उतरत नाही.

वारा

हात स्थिर झाला तरी फूल हलतेच. हातात कॅमेरा धरून टिपताना शटर (प्रकाश आत येण्याचा काळ) १/२५० सेकंद किंवा त्याहून वेगवान ठेवावे आणि त्यासाठी आयएसओ (सेन्सरची प्रकाशसंवेदनशीलता) ४०० वा ८०० पर्यंत न्यावा लागला, तर खुशाल न्यावा. थोडे दाणे दिसणारे स्पष्ट चित्र हे स्वच्छ पण हललेल्या चित्रापेक्षा कधीही चांगले. वारा सतत एकाच जोराने वाहत नाही. दोन झुळुकांच्या मध्ये एक-दोन सेकंदांची शांतता असते, आणि देठ झुलून परत येताना क्षणभर थबकतो. तो क्षण पकडण्यासाठी सलग तीन-चार चित्रे घेणारी सोय वापरावी. सोबतीला कोणी असेल, तर त्याला वाऱ्याच्या बाजूला पुठ्ठा किंवा उघडी छत्री घेऊन बसवावे. एकटे असल्यास बांबूची कामटी देठाशेजारी रोवून, चौकटीबाहेर राहील एवढ्या खाली, देठ मऊ सुती दोऱ्याने तिला सैल बांधावा. कपड्यांचा चिमटा थेट देठाला लावू नये, कोवळा देठ चिरडतो.

ऊन मऊ करणे

साडेनऊ-दहानंतर बागेत थांबायचेच असेल, तर ऊन गाळून घ्यावे लागते. त्यासाठी बाजारातील डिफ्यूझर (प्रकाश मऊ करणारा पडदा) हवाच असे नाही. पांढरी पातळ छत्री, मलमलीचे पांढरे कापड किंवा लाकडी चौकटीवर ताणलेला ट्रेसिंग पेपर पुरतो. तो फुलाच्या जितका जवळ धरावा, तितका प्रकाश मऊ होतो. फक्त फुलावर सावली धरली आणि मागची जागा उन्हातच राहिली, तर पार्श्वभूमी फुलापेक्षा उजळ होऊन सारा खेळ बिघडतो. म्हणून सावलीतील पार्श्वभूमी शोधावी किंवा आपली स्वतःची सावली मागे पडेल असे बसावे. झाडाखालच्या कवडशांपासून मात्र दूर राहावे, कारण पाकळीवर पडलेला एक लहानसा कवडसाही नजर पळवतो.

खालून किंवा बाजूने प्रकाश परत फेकण्यासाठी जेवणाच्या पोळ्या गुंडाळण्याची चंदेरी फॉइल चुरगळून पुठ्ठ्यावर चिकटवावी. न चुरगळता लावली, तर ती आरशासारखी टोचरी चमक देते. पिटुनिया, गुलबाक्षी, तेरडा यांच्या पाकळ्या पातळ असतात. अशी फुले सूर्याच्या दिशेने पाहत टिपल्यास पाकळीतून प्रकाश झिरपतो आणि शिरा उठून दिसतात. त्या वेळी लेन्सवर थेट ऊन पडू नये म्हणून डाव्या हाताची सावली धरावी. कॅमेऱ्यावरचा फ्लॅश एवढ्या जवळून वापरल्यास लेन्सचीच सावली फुलावर पडते, तेव्हा तो बंद ठेवावा.

लाल, पांढरा आणि शेडनेटचा हिरवा

कॅमेऱ्याचा प्रकाशमापक समोरचे सारे काही मध्यम राखाडी आहे असे धरून चालतो. त्यामुळे पांढरा मोगरा चौकटभर आला, की तो मळकट होतो. तेथे एक्स्पोजर, म्हणजे चित्राचा उजळपणा, +२/३ ते +१ पर्यंत वाढवावे. लाल जास्वंदीत उलट अडचण येते. एकूण चित्र ठीक दिसत असले, तरी लाल रंगाची मात्रा टोकाला पोहोचून पाकळीवरील शिरा आणि पोत पुसले जातात आणि फुलाच्या जागी लाल चिकटपट्टी चिकटवल्यासारखे दिसते. उजळपणाचा साधा आलेख (हिस्टोग्राम) पाहून हे कळत नाही. लाल, हिरवा, निळा असे तिन्ही रंगांचे वेगळे आलेख दाखवणारी सोय कॅमेऱ्यात असेल, तर ती चालू करावी आणि लाल आलेख उजव्या कडेला आदळत असल्यास एक्स्पोजर –२/३ ने उतरवावे. दसऱ्याच्या झेंडूला आणि करडईच्या केशरी फुलालाही हाच उपाय लागू पडतो.

आपल्याकडील रोपवाटिकांवर हिरवे शेडनेट असते. त्याखालचा प्रकाश मऊ असतो हे खरे, परंतु तो हिरवट छटा देतो आणि पांढरे जरबेरा आजारी दिसतात. अशा ठिकाणी त्याच प्रकाशात एका पांढऱ्या कागदाचे चित्र घेऊन त्यावरून व्हाइट बॅलन्स (पांढरा पांढराच दिसावा यासाठीची रंगजुळणी) लावावा, किंवा रॉ म्हणजे प्रक्रिया न केलेल्या स्वरूपात चित्र साठवून नंतर रंग दुरुस्त करावा. पांढरे शेडनेट मिळाले, तर ते म्हणजे आयतेच मोठे डिफ्यूझर. ओल्या, तकतकीत पानांवरची चमक पोलरायझर फिल्टरने उतरते, मात्र त्यात एक-दोन स्टॉप प्रकाश खर्ची पडतो (दर स्टॉपला प्रकाश निम्मा होतो).

कोणते उपकरण पुरते

मोबाइलपासून सुरुवात करण्यास काहीच हरकत नाही, पण कोणती लेन्स चालू आहे हे माहीत हवे. अनेक फोनांत मॅक्रो सोय ही अतिविस्तृत कोनाच्या लेन्सवर चालते. त्यामुळे फुलापासून अवघ्या काही सेंटिमीटरवर जावे लागते, फोनचीच सावली पडते आणि मागचे सगळे अंगण चौकटीत येते. काही स्वस्त फोनांतील स्वतंत्र २ मेगापिक्सेलची मॅक्रो लेन्स तर केवळ जाहिरातीपुरती असते. त्यापेक्षा मुख्य लेन्स किंवा २ पट झूम वापरून हातभर मागे सरावे आणि नंतर कडा कापाव्यात. जवळ गेल्यावर फोन न सांगता लेन्स बदलतो. ओळखायचे असल्यास एकेका लेन्सवर बोट ठेवून पाहावे, ज्याने पडदा काळा होईल ती लेन्स चालू आहे. पोर्ट्रेट सोय फुलांसाठी टाळावी, कारण ती बारीक पुंकेसरांच्या कडा खाऊन टाकते.

कॅमेऱ्यासोबत मिळणाऱ्या १८-५५ मिलिमीटरच्या लेन्सवर ५५ ची बाजू निवडून सर्वांत जवळ गेल्यास फूल साधारण तिसऱ्या हिश्श्याएवढे उमटते. ‘सर्वांत कमी अंतर २५ सेंटिमीटर’ असे लिहिलेले असते ते सेन्सरपासून मोजायचे असते. कॅमेऱ्याच्या वरच्या बाजूला आडवी रेघ गेलेले वर्तुळ कोरलेले असते, ती सेन्सरची जागा. दहा सेंटिमीटरच्या जास्वंदीने चौकट भरायला सहाव्या हिश्श्याएवढी क्षमताही पुरते, म्हणून घराच्या बागेतील बहुतेक फुलांना मॅक्रो लेन्सची गरजच पडत नाही. अबोली, तुळशीची मंजिरी, बोगनवेलीच्या रंगीत पानांच्या कुशीतील खरी इवलीशी पांढरी फुले अशा विषयांकडे वळल्यावर मात्र अधिक क्षमता लागते. त्यासाठी पहिला स्वस्त उपाय म्हणजे लेन्सपुढे लावायचा क्लोज-अप फिल्टर: लेन्स अनंतावर ठेवली असता +२ चा फिल्टर ५० सेंटिमीटरवर आणि +४ चा २५ सेंटिमीटरवर फोकस आणतो. कॅमेरा आणि लेन्स यांच्यामध्ये बसवायच्या एक्स्टेन्शन ट्यूबमध्ये काच नसल्याने चित्राचा दर्जा टिकतो, परंतु प्रकाश कमी होतो. हे दोन्ही वापरून वर्ष गेल्यावरही ओढ कायम असेल, तर ९० किंवा १०० मिलिमीटरची मॅक्रो लेन्स घ्यावी. तिच्यामुळे फुलापासून थोडे दूर राहता येते, त्याने सावली पडत नाही आणि मधमाश्या उडून जात नाहीत. लेन्स बदलताना कॅमेऱ्याचे तोंड खाली धरावे. आपल्याकडची धूळ सेन्सरवर बसायला क्षण पुरतो.

बागेच्या कुंपणापलीकडे

छत्रपती संभाजीनगरात सिद्धार्थ उद्यान किंवा हिमायत बाग सरावाला सोयीची आहे. बीबी का मकबरा हे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाचे संरक्षित स्मारक असल्याने तेथे ट्रायपॉडसाठी पूर्वपरवानगी लागते; ज्वारीची पिशवी अशा वेळी फार उपयोगी पडते. परंतु मराठवाड्यातील खरी फुलबाग शेतात आहे, आणि तेथील फुले टिपणारे हात फार थोडे आहेत.

लातूर-धाराशिवकडे सूर्यफुलाचे शेत मिळाले, तर दिशा आधी ओळखावी. कोवळी कळी सूर्यामागे वळते, पण पूर्ण उमललेले फूल पूर्वेकडे तोंड करून स्थिरावते. म्हणजे सकाळी त्याच्या तोंडावर सरळ ऊन येते आणि सायंकाळी तेच फूल मागून उजळते. फुलाच्या तबकडीतील बारीक फुले कडेकडून आत उमलत जातात, त्यामुळे उमललेल्या आणि मिटलेल्या फुलांच्या सीमेवर फोकस केला, तर आतल्या वळत जाणाऱ्या रांगा फार सुरेख दिसतात. त्या रांगांची संख्या एका दिशेने ३४ आणि दुसऱ्या दिशेने ५५ अशी अनेकदा भरते. कपाशीचे फूल सकाळी फिकट पिवळसर उमलते आणि दुसऱ्या दिवशी गुलाबी होते, म्हणून एकाच झाडावर दोन्ही रंग एका चौकटीत आणता येतात. मात्र फवारणी झालेल्या कपाशीत शिरू नये. शेतकऱ्याला आधी विचारावे. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने ‘परभणी कुसुम’ हा करडईचा वाण दिला आहे. जानेवारीत करडई फुलावर आली, की पिवळ्यापासून तांबूस केशरीपर्यंत सर्व छटा एकाच ओळीत मिळतात. करडईचे काटे कापडातूनही टोचतात, तेव्हा जाड पँट घालावी आणि दोन ओळींच्या मध्ये आडवे बसण्याचा मोह टाळावा.

निवड आणि मुद्रण

घरी आल्यावर चित्रे आधी पूर्ण आकारात, म्हणजे शंभर टक्के मोठी करून पाहावीत. फोनच्या लहान पडद्यावर सगळीच चित्रे स्पष्ट भासतात. ज्यात ठरवलेला भाग स्पष्ट नाही ते चित्र, बाकी कितीही चांगले असले तरी, काढून टाकावे. रंग गडद करण्याची पट्टी लाल आणि केशरी फुलांवर फिरवू नये, उलट त्या रंगांची चमक थोडी उतरवल्यास पोत परत येतो. पार्श्वभूमीतील एखादा उजळ ठिपका काळपट करणे पुरेसे असते. मोठे मुद्रण करायचे झाल्यास कडा कापताना हिशोब ठेवावा: १२ × १८ इंचांच्या चांगल्या छापील प्रतीला ३०० डीपीआयवर (दर इंचाला ३०० ठिपके) ३६०० × ५४०० पिक्सेल लागतात, तर भिंतीवर थोड्या अंतरावरून पाहायच्या प्रतीला २०० डीपीआयवर २४०० × ३६०० चालतात. स्टुडिओत कागद निवडताना लाल फुलांसाठी चकचकीत कागदापेक्षा मॅट कागद सांगावा, त्यावर खोलीतील दिव्यांचे प्रतिबिंब पडत नाही.